घराच्या पायाला वाळवीचे औषध : मोजून मिसळा, सांभाळून ओता

वाळवी म्हटले की शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर ऊस, गहू, भुईमूग किंवा फळबागेतील वाळलेली रोपे येतात. परंतु तीच वाळवी राहत्या घराचे, गोठ्याचे आणि गोदामाचेही तेवढेच नुकसान करते. दाराच्या चौकटी, छताचे वासे, धान्याची पोती, जमिनीचे कागदपत्र, मुलांची पुस्तके यांपैकी तिला काहीच वर्ज्य नाही. काही भागांत तिला उधई म्हणतात. नुकसान आतून होत असल्याने चौकट हाताला पोकळ लागेपर्यंत घरधन्याला पत्ताही नसतो.

अशा वेळी घरात उपलब्ध असलेले कीटकनाशक पाण्यात मिसळून भिंतीच्या कडेने ओतण्याचा प्रकार सर्रास दिसून येतो. हा उपाय अनेकदा निरुपयोगी ठरतो आणि काही वेळा धोक्याचाही होतो. घराच्या पायाला द्यावयाचे द्रावण पिकावरील फवारणीच्या द्रावणापेक्षा कितीतरी पट तीव्र असते. उदाहरणार्थ, क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही हे औषध पिकावर १० लिटर पाण्यात साधारणतः २० मि.लि. वापरले जाते. पायासाठी १ टक्का तीव्रतेचे १० लिटर द्रावण करावयाचे झाल्यास तेच औषध ५०० मि.लि. लागते. म्हणजे ही तीव्रता २५ पट झाली. शिवाय हे काम उघड्या शिवारात नव्हे, तर चूल, पाण्याचा हंडा, लहान मुले आणि विहीर यांच्याजवळ करावयाचे असते. म्हणून फवारणीच्या वेळी अंगवळणी पडलेली सवय येथे उपयोगाची नाही. औषध मोजून मिसळावे, मोजूनच ओतावे आणि ते फक्त पायालगतच्या मातीतच राहील अशी व्यवस्था करावी.

वाळवी घरात येते कशी ?

घरांना उपद्रव देणारी बहुतेक वाळवी जमिनीत राहणारी असते. तिचे मूळ घर जमिनीखाली किंवा जवळच्या वारुळात असते. तेथे राणी, राजा, सैनिक आणि हजारो कामकरी वाळव्या राहतात. लाकूड, कागद, पालापाचोळा यांतील सेल्युलोज हे त्यांचे अन्न असून ते आणण्याचे काम कामकरी वाळव्या करतात. त्यांचे अंग मऊ असते. कोरडी हवा व प्रकाश त्यांना सोसत नाही. म्हणून जमिनीतून भिंतीवर चढताना त्या मातीच्या नळ्या बांधून त्यांच्या आडून ये-जा करतात. पायाच्या दर्जातील फटी, फरशी आणि भिंतीमधील सांधा, पाण्याच्या नळाभोवतालची पोकळी, जमिनीत रोवलेली चौकट या त्यांच्या नेहमीच्या वाटा होत.

पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखांच्या वाळव्या जमतात. त्यांचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. पंखांच्या मुंग्यांमध्ये पुढचे पंख मोठे व मागचे लहान असतात, शिवाय मुंगीची कंबर बारीक असते. घराच्या आतच असे गळलेले पंख ढिगाने सापडू लागले, तर जवळपास वाळवीचे ठाणे आहे असे समजावे.

पायालगतच्या मातीत औषधाचा अखंड पट्टा तयार करणे हा द्रवरूप औषधोपचाराचा हेतू आहे. जमिनीतून घराकडे येणाऱ्या वाळवीला या पट्ट्यातूनच यावे लागते. या पट्ट्यात कोठे हातभर जागा कोरडी राहिली, तरी वाळवी तेवढ्याच जागेतून वाट काढते. यावरून औषधाची तीव्रता वाढविण्यापेक्षा पट्टा अखंड ठेवणे किती महत्त्वाचे आहे हे लक्षात येईल.

आधी पाहणी, मग औषध

औषध आणण्यापूर्वी घराची बाहेरून व आतून पाहणी करावी.

१) जोत्यावर, मोरीजवळ, चौकटीच्या तळाशी व माळ्यावर मातीच्या नळ्या आहेत का ते पाहावे. एक नळी थोडी फोडून ठेवावी. दोन-चार दिवसांत ती पुन्हा ओल्या मातीने बुजविली गेली, तर तेथे वाळवी कार्यरत आहे असे समजावे.

२) चौकटी व वासे लाकडी मुठीने ठोकून पाहावेत. बद्द आवाज आला तर आतून पोखरण झालेली असण्याचा संभव असतो.

३) भिंतीला लागून रचलेले सरपण, कडबा, तुराट्या, जुने पोते, बांधकामानंतर उरलेल्या फळ्या तेथून काढून घ्याव्यात. हे वाळवीला दिलेले आमंत्रणच होय.

४) गळका नळ, तुंबलेली मोरी, भिंतीलगत साचणारे पावसाचे पाणी यांचा बंदोबस्त करावा. ओल कमी झाली की वाळवीचा जोर कमी होतो.

५) घरापासून विहीर, कूपनलिका, हौद, ओढा किती अंतरावर आहे ते मोजावे. ही नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याविषयी पुढे सांगितले आहे.

काही ठिकाणी एवढ्या दुरुस्त्यांनीच उपद्रव आटोक्यात येतो आणि औषधाचा खर्च वाचतो.

कोणते औषध वापरावे ?

पूर्वी या कामासाठी आल्ड्रीन, क्लोर्डेन, हेप्टाक्लोर ही औषधे वापरली जात. ती मातीत वर्षानुवर्षे टिकत. पण त्याच कारणाने ती पाण्यात, दुधात आणि माणसाच्या शरीरातही साठत गेली. या तिन्हींवर १९९६ साली भारतात बंदी घालण्यात आली. लिंडेनचा वापर २०१३ पासून बंद आहे. फोरेट या दाणेदार औषधावर २०२० अखेर बंदी आली. जुन्या कोठारात यांपैकी एखादा डबा किंवा पिशवी शिल्लक असल्यास ती घरासाठी वापरू नये. डबा न उघडता कृषि खात्याच्या कार्यालयाकडे चौकशी करावी.

भारतीय मानक संस्थेच्या आयएस ६३१३ या मानकात इमारतीच्या वाळवी नियंत्रणाची पद्धत दिलेली आहे. त्यानुसार वापरात असलेली औषधे व त्यांचे प्रमाण पुढीलप्रमाणे आहे.

• क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही : द्रावणाची तीव्रता १ टक्का. दर लिटर द्रावणासाठी ५० मि.लि. औषध. २० लिटर द्रावणासाठी १ लिटर.

• बायफेन्थ्रीन २.५ टक्के प्रवाही : द्रावणाची तीव्रता ०.०५ टक्के. दर लिटर द्रावणासाठी २० मि.लि. औषध. २० लिटर द्रावणासाठी ४०० मि.लि.

• इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एस.सी. : द्रावणाची तीव्रता ०.०७५ टक्के. दर लिटर द्रावणासाठी २.१ मि.लि. औषध. २० लिटर द्रावणासाठी ४२ मि.लि.

या तिन्हींपैकी कोणतेही एकच औषध वापरावे. दोन औषधे एकमेकांत मिसळू नयेत. एकाच औषधाची निरनिराळ्या टक्केवारीची उत्पादने बाजारात मिळतात. पिकासाठी मिळणारे इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के आणि इमारतीसाठीचे ३०.५ टक्के ही वेगवेगळी उत्पादने आहेत. त्यामुळे वरील माप दुसऱ्या टक्केवारीच्या औषधाला लागू पडत नाही. डब्यावरील लेबलवर 'इमारतीतील वाळवीसाठी' असा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज ते औषध पायाला वापरू नये. लेबलवरील प्रमाण आणि या लेखातील प्रमाण यांत फरक आढळल्यास लेबलवरील प्रमाण ग्राह्य धरावे.

औषधांच्या गुणधर्मातही फरक आहे. बायफेन्थ्रीन वाळवीला दूर पळवते, त्यामुळे पट्ट्यातील मोकळी जागा तिला नेमकी सापडते. इमिडाक्लोप्रिड वाळवीला जाणवत नाही. ती त्या मातीतून जाते, हळूहळू मंदावते व अंगावरील औषध इतर वाळव्यांपर्यंत नेते. क्लोरपायरीफॉस स्पर्शाने लवकर मारते, पण माणसालाही ते या तिघांत अधिक जपून हाताळावे लागते. मुलांच्या आरोग्याच्या कारणास्तव अमेरिकेत २००० साली झालेल्या निर्णयानंतर त्याचा घरगुती वापर बहुतांशी थांबविण्यात आला. मे २०२५ मध्ये जिनिव्हा येथे स्टॉकहोम कराराच्या बैठकीत जगभर बंद करावयाच्या रसायनांच्या यादीत, काही ठराविक सवलती ठेवून, क्लोरपायरीफॉसचा समावेश करण्यात आला. म्हणून हे औषध घेण्यापूर्वी त्या वेळी कोणता वापर मान्य आहे याची तालुका कृषि अधिकारी कार्यालयात खात्री करून घ्यावी. खरेदी परवानाधारक दुकानातूनच करावी आणि पक्की पावती घ्यावी.

किती द्रावण लागेल ?

जरुरीपेक्षा जास्त द्रावण केले की उरलेले कोठे टाकावे हा प्रश्न उभा राहतो. म्हणून आधी हिशोब करावा.

बांधलेल्या घराच्या बाहेरच्या बाजूने, ३० सें.मी. खोलीपर्यंत उपचार करताना भिंतीच्या लांबीच्या दर मीटरला २.२५ लिटर द्रावण लागते. यापैकी १.७५ लिटर चरात व ०.५ लिटर चर बुजविताना भरावाच्या मातीवर द्यावयाचे असते.

समजा, घर १० मीटर लांब व ६ मीटर रुंद आहे. त्याचा घेर ३२ मीटर झाला. ३२ गुणिले २.२५ म्हणजे ७२ लिटर द्रावण लागेल. त्यासाठी क्लोरपायरीफॉस २० टक्के ३.६ लिटर, किंवा बायफेन्थ्रीन २.५ टक्के १.४४ लिटर, किंवा इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के सुमारे १५१ मि.लि. पुरेल. या ७२ लिटरपैकी ५६ लिटर चरात आणि १६ लिटर भरावासाठी जाईल.

काम केव्हा करावे ?

माती वाफशावर असताना काम करावे. चिखल असेल तर द्रावण मुरत नाही, वाहून जाते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असेल तर द्रावण भेगांतून सरळ खाली उतरते, पायाला लागत नाही आणि पाण्यापर्यंत पोहोचण्याचा धोका वाढतो. अशा वेळी दोन दिवस आधी भिंतीलगतच्या मातीवर हलके पाणी शिंपडून भेगा मिटवून घ्याव्यात व वाफसा आल्यावरच औषध द्यावे. पुढील दोन दिवसांत पावसाची शक्यता असल्यास काम पुढे ढकलावे. सकाळी, ऊन व वारा कमी असताना सुरुवात करावी.

द्रावण तयार करताना

१) काम करणाऱ्याने लांब बाह्यांचा सदरा, पूर्ण पायजमा किंवा पॅन्ट, रबरी बूट, नायट्रीलचे हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, तोंडावर मास्क आणि पुढे प्लास्टिकचा अॅप्रन वापरावा. पॅन्टचा तळ बुटाच्या बाहेर ठेवावा, म्हणजे सांडलेले द्रावण बुटात जाणार नाही. कापडी हातमोजे वापरू नयेत. ते औषध शोषून घेतात व कातडीला चिकटवून ठेवतात.

२) मूळ औषध मोजण्याची वेळ सर्वांत धोक्याची असते. त्या वेळी औषधाची तीव्रता सर्वांत जास्त असते. डबा डोळ्यांच्या खालच्या पातळीवर धरून, वाऱ्याकडे पाठ करून, सावकाश ओतावे.

३) मोजण्यासाठी खुणा असलेले प्लास्टिकचे माप वेगळे ठेवावे. घरातील वाटी, चहाचा कप, दुधाचे माप किंवा बाटलीचे झाकण वापरू नये. इमिडाक्लोप्रिडसारखे औषध काही मिलिलिटरमध्येच घ्यावयाचे असल्याने अंदाजाचे माप हमखास चुकते.

४) एका वेळी २० लिटरच द्रावण करावे. बादलीत किंवा ड्रममध्ये आधी १० लिटर स्वच्छ पाणी घ्यावे, त्यात मोजलेले औषध ओतावे, लांब काठीने ढवळावे आणि मग उरलेले पाणी घालून २० लिटरच्या खुणेपर्यंत आणावे. हाताने कधीही ढवळू नये.

५) पाण्याची नळी द्रावणात बुडवून ठेवू नये. वीज गेली किंवा पंप बंद झाला की नळीतून द्रावण उलटे विहिरीत किंवा टाकीत खेचले जाऊ शकते. पाणी वेगळ्या बादलीने आणून ओतावे.

६) द्रावण विहीर, हौद, पाणवठा किंवा स्वयंपाकघराजवळ तयार करू नये. जवळ घमेलेभर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा ठेवावा. औषध सांडल्यास पाणी ओतून पसरवू नये. भुशात शोषून घेऊन तो काळजीपूर्वक गोळा करावा.

७) बायफेन्थ्रीन व क्लोरपायरीफॉस ही माशांना अत्यंत विषारी आहेत. शेततळे किंवा ओढ्याकडे उतार असलेल्या जागी द्रावण तयार करू नये.

८) काम संपेपर्यंत तंबाखू, विडी, चहा, पान काहीही तोंडाला लावू नये. मुले, गरोदर स्त्रिया, जनावरे व कोंबड्या लांब ठेवाव्यात.

द्रावण केल्यावर लगेच वापरावे. रात्रभर ठेवू नये.

पायाला औषध देण्याची रीत

प्रथम जोत्याच्या भिंतीला लागून सुमारे १५ सें.मी. रुंद आणि १५ सें.मी. खोल चर खणावी. पाया उथळ असल्यास पायाच्या तळाखाली खणू नये, भिंत खचण्याचा धोका असतो. चरीच्या तळाशी १२ मि.मी. जाडीच्या लोखंडी सळईने १५ सें.मी. अंतरावर, भिंतीलगत, छिद्रे पाडावीत. ती जमिनीच्या पातळीपासून एकूण ३० सें.मी. खोलीपर्यंत जावीत. जमिनीला उतार असल्यास चरीत दर मीटरला मातीचा आडवा बांध घालावा, म्हणजे द्रावण एका टोकाला जमणार नाही.

भिंतीवर खडूने एक-एक मीटरच्या खुणा कराव्यात. मापाच्या डब्यावर १.७५ लिटरची खूण करावी. प्रत्येक मीटरला एक डबा, झारीने, भिंतीच्या अंगाने, सावकाश सोडावा. जोराच्या दाबाने मारल्यास तुषार उडतात आणि द्रावण आत मुरण्याऐवजी बाहेर वाहते. पंप वापरावयाचा असल्यास दाब कमी ठेवावा, आणि तो पंप पुन्हा पिकावर किंवा जनावरांवरील गोचिडांसाठी वापरू नये.

द्रावण मुरल्यावर चर बुजवावी. खणलेली माती एकदम न ढकलता थराथराने भरावी व राखून ठेवलेले अर्धा लिटर द्रावण दर मीटरला त्या मातीवर शिंपडावे. शेवटी वरून ५ सें.मी. बिनऔषधाची स्वच्छ माती टाकून दाबून घ्यावी. हा थर मुलांचे व कोंबड्यांचे पाय औषधाच्या मातीला लागू देत नाही. त्यानंतर ही माती पुन्हा खणू नये. तेथे फुलझाडे किंवा भाजीचा वाफा करावयाचा असल्यास औषध देण्याचा विचारच सोडावा.

घराभोवती सिमेंटचा कोबा असल्यास, भिंतीलगत ३० सें.मी. अंतरावर १२ मि.मी. व्यासाची छिद्रे पाडून तेवढेच, म्हणजे दर मीटरला २.२५ लिटर, द्रावण आत सोडतात व छिद्रे सिमेंटने बंद करतात. घराच्या आत फरशी व भिंतीच्या सांध्यात छिद्रे पाडून उपचार करता येतो. त्यात दर छिद्राला जास्तीत जास्त १ लिटर द्रावण देतात. पण आतील काम स्वतः करू नये. फरशीखाली विजेच्या तारा, पाण्याचे नळ असू शकतात आणि बंद खोलीत औषधाची वाफ कोंडते. हे काम परवानाधारक, प्रशिक्षित व्यक्तीकडून करून घ्यावे. काम चालू असताना व द्रावण वाळेपर्यंत घर रिकामे व खिडक्या उघड्या ठेवाव्यात. धान्याची कोठी, कणगी, चूल, देवघर व पाण्याची जागा यांच्याजवळ हे द्रावण शिंपडू नये.

विहीर जवळ असेल तर

कोकणात जांभ्याच्या दगडाची घरे व परसातील विहीर अगदी जवळजवळ असतात. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून झपाट्याने झिरपते. देशावरही मुरमाड जमिनीत व खडकाच्या सांध्यांतून पाणी लवकर उतरते. अशा ठिकाणी पायाला ओतलेले औषध विहिरीत उतरू शकते आणि एकदा उतरले की ते काढता येत नाही. सगळे कुटुंब, आणि काही वेळा सगळी वाडी, तेच पाणी पिते.

म्हणून पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा कूपनलिका १५ मीटरच्या आत असल्यास त्या बाजूला स्वतः औषध ओतू नये. त्या बाजूच्या मातीच्या नळ्या हाताने काढून टाकाव्यात, ओल थांबवावी, सरपण हलवावे, चौकटीचा जमिनीत गेलेला भाग कापून खाली दगडाची किंवा काँक्रिटची उशी द्यावी आणि तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. एक चौकट बदलता येते, विहीर बदलता येत नाही.

नवीन बांधकाम असेल तर

घरकुलाचे किंवा गोठ्याचे बांधकाम चालू असतानाच उपचार केल्यास तो अधिक परिणामकारक व स्वस्त पडतो. कारण त्या वेळी माती उघडी असते आणि घरात कोणी राहत नसते. मानकानुसार पायाच्या खड्ड्याचा तळ व ३० सें.मी. उंचीपर्यंतच्या बाजू यांना दर चौरस मीटरला ५ लिटर, पायालगतच्या भरावाला दर चौरस मीटर उभ्या पृष्ठभागाला ७.५ लिटर आणि जोत्याच्या भरावावर, कोबा करण्यापूर्वी, दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण देतात. प्रत्येक टप्प्यानंतर माती हलू देऊ नये. पाणी लागलेल्या खड्ड्यात औषध ओतू नये. सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे भरावात गाडू नयेत, नाहीतर आपणच वाळवीला फरशीखाली खाऊ घातल्यासारखे होते. गवंडी व मजूर यांनाही वर सांगितलेली साधने दिली पाहिजेत. काम उरकण्याच्या घाईत त्यांनी अनवाणी त्या मातीत उतरू नये.

काम संपल्यावर

रिकाम्या डब्यात थोडे पाणी घालून तो तीन वेळा विसळावा. हे पाणी शेवटच्या द्रावणातच मिसळावे, म्हणून शेवटचे द्रावण करतानाच डबे विसळावेत. मग डब्याला भोके पाडून तो निकामी करावा. त्यात रॉकेल, तेल किंवा पाणी साठवू नये, जाळू नये, ओढ्यात टाकू नये. विक्रेत्याकडे किंवा गावातील संकलनाच्या व्यवस्थेकडे द्यावा. उरलेले औषध मूळ डब्यातच, लेबलसह, कुलपात ठेवावे. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध मुलाने पाणी समजून घेतले, तर पश्चात्तापाशिवाय हाती काही राहत नाही.

हातमोजे काढण्यापूर्वी ते साबणाने धुवावेत. त्यानंतर साबण लावून अंघोळ करावी. कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. धुणारीनेही हातमोजे वापरावेत.

विषबाधा झाल्यास

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, तर शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. औषध अंगात शिरण्यास ते प्यावेच लागते असे नाही. ते कातडीतून आणि श्वासातूनही जाते, हे त्या घटनेने सर्वांना दाखवून दिले.

डोकेदुखी, मळमळ, भरपूर घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, बाहुली बारीक होणे, स्नायू उडणे, श्वास लागणे ही क्लोरपायरीफॉसच्या विषबाधेची लक्षणे आहेत. बायफेन्थ्रीनमुळे कातडीला मुंग्या येतात व आग होते. असे काही जाणवताच पुढीलप्रमाणे करावे.

• रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

• औषध लागलेले कपडे काढून अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेल्यास १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी.

• औषध पोटात गेले असल्यास उलटी करवू नये. प्रवाही औषधात तेलासारखे द्रावक असते. उलटी होताना ते फुप्फुसात गेल्यास धोका वाढतो. दूध, ताक, लिंबू-मीठ यांवर वेळ घालवू नये.

• १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा डबा किंवा लेबल बरोबर न्यावे. क्लोरपायरीफॉसच्या विषबाधेवर डॉक्टर अॅट्रोपीन देतात, परंतु प्रत्येक औषधाला उतारा नसतो. कोणते औषध आहे हे डॉक्टरांना लगेच कळले तर उपचार वेळेवर सुरू होतात.

दरवर्षी औषध ओतू नये

एकदा नीट झालेला उपचार बरीच वर्षे काम देतो. 'दसरा आला, औषध ओतले' अशी प्रथा पाडू नये. त्याऐवजी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर असे दोन वेळा जोते पाहावे. नळ टाकण्यासाठी, गटारीसाठी किंवा भिंतीच्या दुरुस्तीसाठी माती खणली गेली असेल, अथवा नवीन नळी दिसली असेल, तर तेवढ्याच भागाला, मोजून, पुन्हा औषध द्यावे.

जवळच्या वारुळावर डिझेल किंवा रॉकेल ओतून पेटविण्याचा प्रकार करू नये. त्याने राणी मरत नाही, आग मात्र कडब्याच्या गंजीपर्यंत जाऊ शकते. वारुळात सापही असू शकतो, म्हणून तेथे हात किंवा उघडा पाय घालू नये.

शंका असल्यास जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषि अधिकारी कार्यालयात विचारावे. किसान कॉल सेंटरचा क्रमांक १८००-१८०-१५५१ असा आहे. औषधाचे माप, भिंतीवरील मीटरच्या खुणा आणि विहिरीचे अंतर या तीन गोष्टी सांभाळल्या, तर घराचे लाकूड वाचेल आणि घरातील माणसेही सुरक्षित राहतील.